काळी नखं

बांगड्या आणायला सोलापूरला जाते असं मी गल्लीत सांगते, आणि ते काही खोटं नाही. परत येताना माझ्या पिशवीत बांगड्यांचे खोके असतात, खण असतात, देवीच्या ओटीला लागतं ते सगळं असतं. येरमाळ्यात देवीच्या वाटेवर माझं ओटीच्या सामानाचं दुकान आहे. पुढं दुकान आणि शिलाई मशीन, मागं एक खोली आणि मोरी. मालक गेल्यापासून एवढ्यावरच माझं चाललंय, आणि बरं चाललंय. फक्त त्या पिशवीच्या तळाशी गोळ्यांच्या बाटल्या असतात, हे मी कुणाला सांगत नाही.

गोळ्यांची बाटली वाजते. ज्यानं ती बनवली त्याला हे सुचलं नसणार, कारण त्याला ती कुणापासून लपवायची नव्हती. एसटी खड्ड्यातून गेली की गोळ्या खुळखुळतात आणि मला वाटतं, पुढच्या बाकावरच्या बाईनं मान वळवली ती त्याच आवाजानं. म्हणून मी दवाखान्याच्या बाहेरच बाटलीत कापूस कोंबते. वरचा कागद ओला करून नखानं खरवडून काढते. घरी आल्यावर गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ओतते. गुडघ्यांच्या गोळ्या म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. माझ्या वयाच्या बाईचे गुडघे दुखणारच, हे सगळ्यांना मान्य आहे.

मला एचआयव्ही आहे. हे वाक्य लिहायला सुद्धा मी दुकानाचं दार लोटून घेतलंय. कुठून आला हे मी सांगणार नाही. ज्या दोन-चार माणसांना कळलं त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, जणू उत्तर ऐकून मग ठरवायचं होतं की कीव करायची का थुंकायचं. शुगर झालेल्या बाईला कुणी विचारत नाही, बाई गं, कुणाच्या घरचा लाडू खाल्लास म्हणून. त्या प्रश्नाची मला इतकी चीड आहे की पुढं जे घडलं ते सांगताना मला माझीच मान वर करता येत नाही.

औषध धाराशिवलाही मिळतं. तेच औषध, तसंच फुकट, आणि निम्म्या वाटेवर. पण तिथल्या रांगेत उभं राहायचं म्हणजे निम्मा जिल्हा ओळखीचा. यात्रेत रिवाजानं रानातले चुनखडीचे खडे वेचायला आलेल्या बायका माझ्याच दुकानातून ओटी घेऊन वर जातात. त्यातली एखादी तिथं भेटली तर पुढच्या पौर्णिमेला माझ्या हातचा नारळ कोण घेईल? म्हणून मी जिल्हा ओलांडते. तिथं मला ओळखणारं कुणी नाही, अशी माझी समजूत होती.

सोलापूरच्या केंद्रात एक समुपदेशक बाई आहेत. पहिल्या वेळी मी भिंतीकडं तोंड करून बसले होते, तरी त्यांनी न कंटाळता सगळं समजावलं. शिवणकाम करते म्हटल्यावर शिवणाच्या भाषेत सांगायला लागल्या. हा विषाणू आपली पिलावळ एकट्यानं वाढवू शकत नाही. तो आपल्या रक्तातल्या राखणदार पेशीत शिरतो, स्वतःच्या मजकुराची नक्कल काढतो आणि ती पेशीच्या मजकुरात नेऊन शिवून टाकतो. मग ती पेशी राखण सोडून त्याचीच पिलावळ तयार करत बसते. आता चालू आहे ती गोळी एकच असली तरी तिच्यात औषधं तीन. त्यातली दोन नक्कल काढतानाच त्याच्या हाती कच्चा दोरा देतात, तो मधेच तुटतो. तिसरं शिवणच घालू देत नाही. एकच औषध दिलं तर तो त्यातून वाट काढायला शिकतो, तिन्ही एकदम चुकवणं त्याला जमत नाही.

मरत मात्र नाही तो. काही पेशींमध्ये हरळीच्या मुळीसारखा दडून बसतो. वरून रान स्वच्छ दिसतं, पण खुरपणं थांबवलं की पुन्हा फुटतो, आणि कधी कधी औषधाला न जुमानणारा फुटतो. म्हणून गोळी रोज, आणि जन्मभर. रोज घेतली तर तपासणीत विषाणू दिसेनासा होतो. तसा तो दिसेनासा राहिला की नवरा-बायकोच्या संबंधातूनसुद्धा दुसऱ्याला लागत नाही. ताटातून, पेल्यातून, हातच्या अन्नातून तर तो कधी लागतच नव्हता, असं बाई म्हणाल्या. मला हे सगळं तोंडपाठ आहे. कुणी परीक्षा घेतली असती तर मी पहिली आले असते.

माझ्या गोळ्या दोनदा बदलल्या. पहिली सकाळ-संध्याकाळ घ्यायची होती. तिनं जीव वाचवला, पण रक्त उतरलं. मशीनवर बसलं की धाप लागायची, आणि सकाळचा चहासुद्धा पोटात ठरायचा नाही. वर नखांवर काळे पट्टे उमटले, मुळापासून टोकापर्यंत. केस रंगवायला मेंदी भिजवायची आणि मुद्दाम हातानंच लावायची, म्हणजे नखं लाल होतात, असा उपाय मी काढला. विधवा बाईची नखं लाल दिसली म्हणून चार जणी बोलल्या. बोलू दिलं. काळ्यापेक्षा लाल बरी.

रक्त फारच उतरलं तेव्हा डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली. ती झोपताना घ्यायची. घेतली की डोकं गरगरायचं आणि स्वप्नं अशी पडायची की सकाळी उठून कुणाच्या तोंडाकडं बघवायचं नाही. एकदा मालक स्वप्नात दुकानाच्या गल्ल्यावर बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, हिला काय झालंय ते विचारा. आता चालू आहे ती तिसरी गोळी, आणि ती गुणाची आहे. मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला अधूनमधून रक्त तपासतात, बाकी तक्रार नाही. अंग मात्र सुटलंय. मला सगळे म्हणतात, लेकीच्या सासरच्या तुपानं बाळसं धरलंय. मी हसते. या गोळीसोबत उपाशीपोटी कॅल्शियम घेऊ नये म्हणतात, पोटातच तिला अडवून धरतं. आणि मी तिला लपवते ती कॅल्शियमच्याच डबीत.

मला एकच लेक. माझं निदान झालं तेव्हा तिचीही तपासणी केली, ती कोरी निघाली. त्या दिवशी मी देवीला नाही, त्या तपासणीच्या कागदाला हात जोडले होते. लेकीला यातलं काही माहीत नाही. तिला वाशीला दिली आहे, बागायतदार घर, जावई साधा माणूस. घरात शब्द चालतो तो विहीणबाईंचा. उंच, कमी बोलणारी बाई. लग्नात मानपानाला त्यांनी नाव ठेवलं नाही, पण चांगलंही म्हटलं नाही. मी दिलेली मानाची साडी, मोरपंखी रंगाची, लाल काठाची, हातात घेऊन त्यांनी फक्त काठ तपासला.

त्यांची भीती मला पहिल्या दिवसापासून होती. मुलगी बघायला आल्या तेव्हा मी पोह्यांच्या बशा पुढं केल्या आणि त्यांची नजर माझ्या नखांवर गेली. मेंदी लावून आठवडा झाला होता, मुळाशी काळं दिसत होतं. त्या बघत राहिल्या. मी हात पदराखाली घेतले. त्यांनी पोहे खाल्ले, पाणी प्याल्या आणि जाताना मुलगी पसंत आहे म्हणाल्या. तरी ती नजर माझ्या मानेवर बसून राहिली. चोराच्या मनात चांदणं.

लेकीला दिवस राहिले ते लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवससायास आणि दवाखाने करून. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातवा लागला की न्यायला येते, असा निरोप मी धाडला. वाशीहून उत्तर आलं, बघू. पुन्हा विचारलं, तर म्हणे ऊन फार आहे. मग म्हणे, इथंही दवाखाना आहेच की. त्यांना कळलंय, मला वाटलं. सून आणि होणारं नातवंड या बाईच्या घरात नको, असं त्यांनी ठरवलंय. आणि आज बाळंतपणाला धाडत नाहीत, उद्या कारण सांगतील. लेकीला माझ्याविषयी कळेल ते सासूच्या तोंडून. रोज मशीनवर बसून मी त्या एकाच गोष्टीला टाके घालत होते.

अशात माझी सोलापूरची तारीख आली. केंद्रात नेहमीसारखी गर्दी होती. बायका तिथं तोंडाला स्कार्फ बांधून बसतात, ऊन असो नसो. कुणी कुणाकडं बघत नाही. मी बाकावर टेकले आणि समोरच्या बाकावरची साडी दिसली. मोरपंखी, लाल काठाची. अशा साड्या ढिगानं असतील, पण पदराला मी स्वतःच्या हातानं गोंडे लावले होते, तसे गोंडे दुसरीकडं कुठं असणार. वरचं तोंड पदरानं गच्च बांधलेलं. डोळे तेवढे उघडे, आणि ते माझ्याकडंच बघत होते.

माझ्या मनात पहिला प्रश्न आला, कुठून आला असेल हिला? हो, तोच प्रश्न. ज्याच्यासाठी मी सख्ख्या जावेशी बोलणं तोडलं, तो प्रश्न माझ्या मनात असा आला जसा काही तिथंच राहायला होता. व्याह्यांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, मग ऊसतोडीची माणसं, मग काय काय. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. आणि त्याच्या पाठोपाठ आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. आता ही बाई मला काय बोलणार? आता लेकीला अडवून तर बघू दे.

आम्ही एकमेकींना ओळख दिली नाही. नंबर पुकारला तशा त्या आत गेल्या, औषध घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या समोरून चालत गेल्या. दारात थांबून त्यांनी बाटल्या पिशवीत ठेवल्या. त्याआधी ब्लाउजमधून कापूस काढला आणि बाटलीत कोंबला. मला त्या वेळी दया यायला हवी होती. मी मनात म्हटलं, बघा, मोठ्या घरची.

परतीची गाडी एकच होती. त्या पुढच्या बाकावर, मी मागं. दोघी जणी एकाच भीतीनं जिल्हा ओलांडून गेलो होतो आणि म्हणूनच एकमेकींच्या पुढ्यात आलो होतो. येरमाळ्याला मी उतरले, त्यांनी मान वळवली नाही.

आठवड्यानं जावयाचा फोन आला. आई म्हणतेय म्हणून हिला घेऊन येतो. मी जिंकले असं मला वाटलं. भीतीनं धाडतेय, असंच मी धरून चालले. यात्रा उरकली होती, दुकानाला जरा उसंत होती, म्हणून आल्या दिवशीच डोहाळजेवण ठरवलं. शेजारच्या बायका बोलावल्या, पुरण घातलं. जावई दोघींना पोचवून शेतावर परत गेला आणि विहीणबाई थांबल्या. त्याच मोरपंखी साडीत. ती त्यांनी मुद्दाम नेसली होती का, मला कळलं नाही. मी त्यांना पाट दिला, पाणी दिलं, आणि सगळा वेळ त्यांच्या हातांवर माझी नजर. जशी त्यांची माझ्या नखांवर होती तशी.

लेकीला कैरी हवी होती, तिखटमीठ लावून. मी उठायच्या आत विहीणबाई विळीवर बसल्या. दोन फोडी झाल्या आणि बोट कापलं. फार नाही, सुई टोचल्यावर येतं तेवढंच रक्त. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हातानं फोडींची बशी लेकीकडं सरकवली. फोडींना काही लागलं नव्हतं, मला दिसत होतं. लागलं असतं तरी काही होत नसतं, हेही मला पाठ होतं. राखणदार पेशी, कच्चा दोरा, सगळं पाठ होतं. लेकीनं फोड उचलली, आणि मी तिच्या हातातून ती हिसकावली. बशी उचलली, मोरीत पालथी केली आणि हात साबणानं धुतले.

माशी बसली होती, असं मी बायकांना सांगितलं. लेक हसली, म्हणाली आई वेडी झालीय नातवंडाच्या नादात. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विळी पुसली, मिटून बाजूला ठेवली, आणि पुन्हा कशाला हात लावला नाही.

ओटी भरून बायका गेल्या. लेक पुढच्या दुकानात गिऱ्हाईक बघायला बसली. मी चुलीपाशी उगाच भांडी हलवत होते. विहीणबाई जेवायला बसल्या होत्या, त्यांनी पोळीचा तुकडा मोडून ठेवला आणि माझ्याकडं न बघता बोलल्या.

"ईनबाई, तुमची नखं म्या पोरगी बघायला आले तवाच वळखली हुती. माझी बी तशीच हुती. मेंदीनं झाकत न्हाईत ती. म्या बी लावून बघितलीया."

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. विचारलं, मग पोरगी कशी केली?

"तुमच्या हातचं पोहं खाल्लं का न्हाय त्या दिशी? तवाच केली."

मग मी विचारलं ते विचारायला नको होतं. विचारलं की मग लेकीला धाडायला इतके दिवस का अडवलं.

"तुमची खोली येकच. लेक दिसरात संगं असल्यावर गोळी कुठं लपवणार तुमी? तुमची पंचाईत व्हईल म्हणून थांबले हुते. पर तुमी मला तिथं बघितलं. आता ठिवून घेतली असती तर तुमाला वाटलं असतं, तुमी लेकीपाशी माझं बोलाल म्हणून म्या भ्याले. म्हणून आणून सोडली."

एवढंच. बशीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले असते, भांडायला मला येतं. त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, पुरणाचा कणसुद्धा ठेवला नाही, आणि उठल्या. मी ताट घ्यायला हात पुढं केला. राहू द्या म्हणाल्या. मोरीत बसून त्यांनी आपलं ताट, वाटी, पेला राखेनं घासला, धुतला आणि आमच्या भांड्यांपासून लांब, मोरीच्या कडेला पालथा घातला. त्यात राग नव्हता. सवय होती. कुणाच्या घरी ती लागली असेल, मी विचारलं नाही.

चारच्या गाडीनं त्या गेल्या. जाताना लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. लेकीनं वाकून नमस्कार केला आणि मी बाजूला बांगड्या मोजल्यासारखं करत उभी राहिले. माफी मागायला तोंड उघडलं होतं, पण लेक समोर होती. लेकीसमोर माफी मागायची म्हणजे कारण सांगायचं, आणि कारण माझं एकटीचं नव्हतं. ही सबब खरी आहे. तरी ती सबबच आहे, हेही मला कळतं.

संध्याकाळी लेक जेवायला भांडी घेत होती. मोरीपाशी जाऊन म्हणाली, "आत्याबाईंचं ताट असं येगळं का गं ठिवलंस?"

तिला वाटलं, सासूचं ताट मीच वेगळं ठेवलं. तिचं काही चुकलं नाही. मी ते ताट उचललं, पुसलं आणि माझ्यापुढं घेतलं. म्हटलं, ओलं होतं म्हणून. लेकीनं वाढलं. घास हातात घेतला आणि मी त्या ताटाकडं बघत राहिले, स्वच्छ होतं ते, आमच्या घरातल्या कुठल्याही ताटापेक्षा स्वच्छ. कॅल्शियमची डबी फळीवर होती. लेक म्हणाली, आई, गुडघ्याची गोळी राहिली ना तुझी, देऊ का? मी हात पुढं केला. तिनं गोळी तळहातावर ठेवली, तिच्याच बोटांनी, आणि मी ती तिच्यासमोर गिळली.